विमानाला किती वेळ लागतो? आधी अंतर काढा, मग वेळ, मग घरापासूनचा हिशोब

जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्यात आमचं ऑनलाइन सेंटर आहे, म्हणजे सातबारा, पीकविमा, आधार, पॅन आणि मधूनमधून रेल्वे-विमानाची तिकिटं. कपाशी वेचून झाली की लोकांना पोरांची आठवण येते, आणि पोरं बसलेली असतात पुणे, हैदराबाद, दुबईला. मागच्या हिवाळ्यात आमच्या ओळखीचे एक नाना आले, मुलगा हैदराबादला कंपनीत, नातू झालेला. खुर्चीवर टेकले आणि विचारलं, "भाऊ, हैदराबादले जावाले विमानले कितला येळ लागस रे?" मी स्क्रीनवर बघून सांगितलं, दीड तास, वर पाच-दहा मिनिटं. नानांनी टोपी काढली, परत घातली. "इतलाच?" आणि मग दुसरा प्रश्न, "अन् घरथून?"

हा दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही आणि खरं तर तोच विचारायला पाहिजे. पण त्याच्या आधी पहिल्याचं उत्तर कुठून येतं ते बघू, कारण नेटवर दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर इतकं, वेळ इतका असं फटकन येतं आणि लोक तोच आकडा डोक्यात धरून गाडी सांगतात, मग हुकतं.

पहिली गोष्ट, कुठल्या विमानतळापासून कुठल्या विमानतळापर्यंत ते नीट ठरवा. शहराचं नाव टाकू नका, कोड टाका. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरी कोड असतो, जळगावचा जेएलजी, मुंबईचा बीओएम, पुण्याचा पीएनक्यू, संभाजीनगरचा आयएक्सयू, सुरतचा एसटीव्ही, नाशिक म्हणजे ओझरचा आयएसके, इंदूरचा आयडीआर. मुंबईचा बीओएम का तर जुनं बॉम्बे, तो तसाच राहिलाय. गोव्याला आता दोन आहेत, दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स, एक दक्षिणेला आणि एक पार वर सिंधुदुर्गाच्या हद्दीला, लोक कलंगुटला हॉटेल घेतात आणि तिकीट कुठलं काढलंय ते उतरल्यावर कळतं. मुंबईचंही तसंच झालंय, २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं, त्याचा कोड एनएमआय. तुमचा पाहुणा अंधेरीला असेल आणि तुम्ही स्वस्त दिसलं म्हणून एनएमआयचं काढलं तर उतरून परत अख्खी मुंबई ओलांडायची. त्यामुळे कोड बघा, पहिलं काम ते.

आता अंतर. विमानाचं अंतर म्हणजे हवेतलं सरळ अंतर, रस्त्याचं नाही. सगळ्यात सोपा उपाय मोबाइलमधल्या गूगल मॅप्सवर आहे. जळगाव विमानतळावर, म्हणजे अजिंठा रोडला कुसुंब्याजवळ जी धावपट्टी दिसते तिच्यावर, बोट दाबून धरा, लाल पिन येते, खालची पट्टी वर ओढा, त्यात "अंतर मोजा" असतं. ते दाबून नकाशा सरकवत दुसऱ्या विमानतळावर न्या, खाली किमी येतात. कॉम्प्युटरवर असाल तर राइट क्लिक करा, तिथेही तेच सापडेल, आणि वरच त्या जागेचे अक्षांश-रेखांशही दिसतात.

पण मला विचाराल तर एकदा तरी हाताने काढून बघा, म्हणजे आकडा कुठून आला ते कळतं आणि कोणी काहीही सांगितलं तरी फसत नाही. दहावीचं गणित पुरतं. नानांसमोर मी पीकविम्याच्या जुन्या पावतीच्या मागे हे केलं.

जळगाव विमानतळ साधारण २०.९६ उत्तर आणि ७५.६३ पूर्व. हैदराबादचं, म्हणजे शमशाबादचं, १७.२३ उत्तर आणि ७८.४३ पूर्व. अक्षांशातला फरक ३.७३ अंश. एक अक्षांश म्हणजे साधारण १११ किमी, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर झालं ४१४ किमी. रेखांशातला फरक २.८०. पण इथे सरळ १११ ने गुणायचं नाही, कारण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळजवळ येत जातात, संत्र्याच्या फोडींसारख्या. आपल्या पट्ट्यात, म्हणजे वीस अंशाच्या आजूबाजूला, त्याला अजून ०.९४ ने गुणायचं. २.८० गुणिले १११ गुणिले ०.९४ म्हणजे २९२ किमी. आता काटकोन त्रिकोण, पायथागोरस, ४१४ चा वर्ग अधिक २९२ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ, आलं ५०७ किमी. वेबसाइटवर बघितलं तर दोन-तीन किलोमीटर इकडेतिकडे. नाना म्हणाले, "भूमितीना मास्तर शिकाडेत ते वावरात कदी कामले उना नही, इथं उना."

याच पद्धतीने जळगाव ते मुंबई काढलं तर अक्षांशाचे २०८, रेखांशाचे २८८, आणि सरळ अंतर ३५५ किमी. पुणे ३१९-३२० च्या घरात. रस्त्याने जळगाव-मुंबई चारशेच्या पुढे जातं आणि हैदराबाद तर साडेसहाशेच्या आसपास, कारण रस्त्याला घाट, नदी, गावं सगळं सांभाळावं लागतं. ढोबळ हिशोब डोक्यात ठेवायचा असेल तर सरळ अंतराला सव्वा ने गुणा, रस्त्याचं अंतर जवळपास येतं.

इथे एक खड्डा आहे त्यात बरेच जण पडतात. एका साइटवर जळगाव-मुंबई १९२ लिहिलंय, दुसऱ्यावर २२१, तिसऱ्यावर ३५५. तिन्ही बरोबर! पहिलं नॉटिकल मैलात, दुसरं साध्या मैलात, तिसरं किलोमीटरमध्ये. नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किमी, साधा मैल १.६०९ किमी, विमानवाले आणि जहाजवाले नॉटिकल वापरतात. तर आकड्यापुढे काय लिहिलंय ते बघा, नुसता आकडा उचलून व्हॉट्सअॅपला टाकू नका. आणि किलोमीटरमध्येच थोडा फरक आला, पाचशेत एक-दोन, तर काळजी करू नका, पृथ्वी अगदी चेंडूसारखी गोल नाही, विषुववृत्तावरची त्रिज्या ६,३७८ किमी आणि ध्रुवाकडची ६,३५७, कोणी गोल धरून काढतं कोणी चपटी धरून, त्यामुळे जास्तीत जास्त अर्धा टक्का इकडेतिकडे होतं.

हा त्रिकोणाचा प्रकार महाराष्ट्रात, फार तर देशात चालतो. लांबचं असेल तर चालत नाही, आणि का चालत नाही ते सांगायला मला एक दोरा लागला.

झालं असं की, माझ्या मावसबहिणीचं न्यू जर्सीला जायचं ठरलं. मामा मोबाइलवर एक विमान ट्रॅक करत बसले होते आणि एकदम म्हणाले, अरे हे अमेरिकेला चाललंय का रशियाला, वर कुठे चाललंय, पायलट चुकला का काय. भिंतीवरच्या नकाशात बघितलं तर मुंबईपासून न्यूयॉर्कची सरळ रेघ अरबस्तान, इजिप्त, आफ्रिकेचा वरचा भाग आणि मग अटलांटिक अशी जाते. मग मी झेडपी शाळेतल्या गुरुजींकडून पृथ्वीचा गोल आणला, ३० सेंमी व्यासाचा, धूळ पुसली, आणि गोधडीचा दोरा घेतला. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर मामांनी अंगठ्याने दाबलं, दुसरं मी न्यूयॉर्कवर, आणि ताणला. ताणला तसा दोरा आपोआप वर सरकला, मामांच्या डोळ्यासमोर. अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, स्वीडन-नॉर्वे, आइसलँडच्या खालच्या भागावरून, ग्रीनलँडच्या खालच्या टोकाला घासून कॅनडावरून खाली न्यूयॉर्क. फुटपट्टीवर दोरा भरला साडेएकोणतीस सेंमी. या गोलाचा घेर ९४ सेंमी, पृथ्वीचा ४०,००० किमी, म्हणजे एक सेंमीला ४२५ किमी. गुणाकार केला तर साडेबारा हजार किमी. आणि खरं अंतर तेवढंच आहे, १२,५०० च्या जरा पुढे. तेच भिंतीवरच्या नकाशातल्या सरळ रेघेने गेलं तर १४,२०० किमी पडतं, म्हणजे सतराशे किमी जास्तीचे. सपाट नकाशा वरचा भाग ताणून मोठा दाखवतो म्हणून सरळ रेघ जवळची वाटते, नसते. या गोलावरच्या जवळच्या वाटेला ग्रेट सर्कल म्हणतात आणि कुठल्याही साइटवरचं विमान-अंतर हेच असतं. एक्सेल येत असेल तर हॅवरसाइन नावाचं सूत्र शोधा, त्रिज्या ६,३७१ किमी धरा, काम होतं. ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट पण आहे, दोन कोड टाकले की रेघ काढून दाखवते. पण दोऱ्याची मजा वेगळी, पोरांना दाखवा.

मामांनी दोरा सोडला नाही बराच वेळ, मग दुबई, लंडन, सिडनी सगळं मोजलं.

तर अंतर झालं. आता वेळ. इथे बहुतेक साइटी एकच करतात, अंतर भागिले ८०० का ८५०, अधिक अर्धा तास. मोठ्या जेट विमानाला हे बऱ्यापैकी बसतं. एअरबस ए३२० सारखं विमान वर गेल्यावर ताशी ८३० च्या आसपास जातं, बोइंग ७७७ सारखं मोठं ९०० च्या जवळ. अर्धा तास कशाचा, तर धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरताना वेग कमी करणं, परत रांगत येणं. मुंबई-दिल्ली ११४० किमी, भागिले ८०० म्हणजे एक तास पंचवीस मिनिटं, अधिक तीस, पावणेदोन-दोन तास. तिकिटावर दोन तास दहा-पंधरा मिनिटं लिहिलेलं असतं, ते का ते पुढे सांगतो.

पण जळगावला हे सूत्र लावलं की गंडतं. कारण आपल्याकडे जेट येत नाही. जळगावची धावपट्टी १,७०० मीटरची, तिच्यावर पंख्याचं विमान उतरतं, एटीआर ७२, सत्तरच्या आसपास सीटांचं. हे विमानतळ २०१२ ला सुरू झालं, उद्घाटन तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांनी केलं, त्या आपल्याच जिल्ह्यातल्या नाडगावच्या. त्यानंतर कंपन्या आल्या-गेल्या, मधे सेवा बंदही पडली, २०२४ पासून फ्लाय९१ ने गोवा, हैदराबाद, पुणे सुरू केलं, मुंबईला अलायन्स एअर, पण कुठली फ्लाइट कोणत्या वारी आहे हे सीझनप्रमाणे बदलत राहतं, म्हणून नेहमी त्या आठवड्याचं वेळापत्रक बघूनच बोला, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका. तर एटीआरचा वेग जास्तीत जास्त ताशी ५१० किमी. हिशोबाला ५०० धरा आणि वरचे पंचवीस मिनिटं.

हैदराबाद, ५०७ भागिले ५०० म्हणजे एकसष्ट मिनिटं, अधिक पंचवीस, शहाऐंशी. एक तास सव्वीस मिनिटं. मुंबई, त्रेचाळीस अधिक पंचवीस, एक तास आठ मिनिटं. पुणे एक तास तीन-चार मिनिटं. आणि हेच ८०० ने भागलं असतं तर हैदराबाद एक तास आठ मिनिटं आलं असतं, म्हणजे अठरा मिनिटांची फसवणूक. म्हणून विमान कुठलं ते बघा, तिकीट काढताना बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, एटीआर असेल तर ५००, बाकीला ८००.

आता कोणी म्हणेल वेग कमी म्हणजे विमान जुनं का, खटारा का. तसं काही नाही. तीनशे-पाचशे किमीच्या पल्ल्याला पंख्याचं विमान डिझेलच्या गाडीसारखं, कमी पितं, छोट्या धावपट्टीवर उतरतं. फक्त आवाज जास्त, आणि ते जेटइतकं उंच जात नाही, जेट ३५,००० फुटांवर तर हे १८-२० हजारांवर, त्यामुळे पावसाळ्यात ढगांच्या वर न जाता मधूनच हादरे खात जातं. मला खिडकीतून केळीच्या बागा, तापीचं पात्र दिसतं म्हणून आवडतं, आईला नाही आवडत.

आपल्याकडचं ऊन पण यात येतं बरं का. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसला गेला की हवा विरळ होते, पंखांना उचलायला कमी हवा मिळते, इंजिनाचा जोरही थोडा कमी पडतो. तेवढ्याच विमानाला जास्त लांब धावावं लागतं, आणि धावपट्टी तर तेवढीच. मग वजन कमी करावं लागतं, सामान नाहीतर माणसं. म्हणून उन्हाळ्यात पर्याय असेल तर सकाळची फ्लाइट घ्या, आणि आंबे-केळीची पेटी नेताना वजन घरीच करून घ्या. देशातल्या फ्लाइटला बहुतेक ठिकाणी चेक-इनला १५ किलो धरतात, आमच्याकडे बहुतेक जण पापड-कुरडयांतच बारा किलो संपवतात.

तिकिटावरचा वेळ आपल्या हिशोबापेक्षा जास्त का, हे राहिलं होतं. तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम, म्हणजे विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जागेवर थांबलं तिथपर्यंत. हवेतला वेळ त्यातला एक भाग. मुंबईसारख्या ठिकाणी धावपट्टी एका वेळी एकच चालते, दोन आहेत पण एकमेकींना कापतात, मग खाली रांग आणि वर पण रांग. वर रांग म्हणजे विमान घिरट्या घालतं, कासऱ्याला बांधलेल्या बैलासारखं. शिवाय सरळ रेघेवर कोणी जाऊ देत नाही, हवेतपण ठरलेल्या वाटा आहेत, सैन्याचे बंद भाग आहेत, उतरायच्या दिशेने वळून यावं लागतं, म्हणून ३५५ किमीचं खरं उड्डाण चारशेच्या जवळ जाऊ शकतं. कंपन्या हे सगळं धरून वर थोडं सोडतात, म्हणजे वेळेत पोहोचलो असं म्हणता येतं. त्यामुळे आपण काढलेल्या वेळात दहा-पंधरा मिनिटं टाका आणि तिकिटाशी ताडून बघा. अर्ध्या तासापेक्षा जास्त फरक दिसला तर मधे कुठेतरी थांबा आहे, बारीक अक्षर वाचा. "एक स्टॉप" वाली फ्लाइट आमच्याकडे एकाने डायरेक्ट समजून काढली होती, सोबत म्हातारी आई, विमान थांबल्यावर दोघं उतरायला निघाले.

आता वारा. जाताना एक वेळ आणि येताना दुसरा, हे बघून लोकांना वाटतं साइटवर चूक आहे. चूक नाही. वर, दहा-अकरा किमीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, जेट स्ट्रीम, आणि हिवाळ्यात तो खाली सरकून उत्तर भारतावर येतो. मुंबई-दुबई १,९३० किमीच्या आसपास. समजा शंभरचा वारा समोरून, तर ८३० च्या विमानाचा जमिनीवरचा वेग ७३० राहतो, दोन तास चाळीस, अधिक अर्धा, तीन तास दहा. येताना तोच वारा पाठीमागून, ९३०, दोन तास पाच, अधिक अर्धा, दोन तास पस्तीस. एकच अंतर, पस्तीस मिनिटांचा फरक. सायकलवर धुळ्याकडे आणि धुळ्याहून जाणाऱ्याला हे सांगायला नको.

याचं टोकाचं उदाहरण एअर इंडियाचं आहे. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को हे विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ ला त्यांनी ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेलं, १५,३०० किमी, म्हणजे चौदाशे किमी जास्त, आणि तरी ते साडेचौदा तासांत पोहोचलं, आधीपेक्षा लवकर, कारण पूर्ण वाटभर वारा पाठीशी. म्हणजे जवळची वाट लवकरची असेलच असं नाही. आणि जानेवारी २०२१ ला त्याच सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला कॅप्टन झोया अगरवाल आणि सगळ्या महिला वैमानिकांनी उत्तर ध्रुवावरून विमान आणलं, तिथे मात्र गोलावरचा दोराच कामी आला.

तसंच कोणाची हद्द बंद असेल तर वेळ वाढतो. पाकिस्तानने २०१९ मध्ये काही महिने हवाई हद्द बंद ठेवली होती आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा भारतीय कंपन्यांना बंद केली, दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांना वळसा पडला. त्याच दोन शहरांमध्ये परदेशी कंपनीचं विमान कमी वेळात आणि आपलं जास्त वेळात असं दिसलं तर कारण हे असू शकतं. अंतर दाखवणारी साइट यातलं काहीच धरत नाही, ती दोरा ताणते आणि मोकळी होते.

परदेशाचं तिकीट असेल तर अजून एक गाठ सोडवायला लागते, घड्याळाची. तिकिटावर निघायची वेळ इथली आणि पोहोचायची वेळ तिथली. मुंबईहून पहाटे ४ ला निघून दुबईत ५.४० ला, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं? नाही. दुबई आपल्या दीड तास मागे आहे, ते मिळवा, तीन तास दहा. पश्चिमेला जाताना फरक मिळवायचा, पूर्वेला जाताना वजा करायचा. सिंगापूर अडीच तास पुढे, ते वजा. जर्मनी हिवाळ्यात साडेचार तास मागे आणि उन्हाळ्यात साडेतीन, कारण ते लोक मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. न्यूयॉर्क हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात साडेनऊ. आणि वेळेच्या पुढे अधिक एक लिहिलेलं असेल तर ते दुसऱ्या दिवशीचं, पाहुण्याला आदल्या रात्री विमानतळावर उभं करू नका. आमच्या घरात हे झालेलं आहे, जास्त सांगत नाही.

आता नानांचा दुसरा प्रश्न, घरापासून. याला साइट नाही, कागद-पेन्सिल लागते. पारोळ्याहून एरंडोल, पाळधी, बांभोरीचा गिरणा पूल, जळगावातून अजिंठा चौफुली आणि मग कुसुंबा, साठ-पासष्ट किमी, गाडी स्वतःची असेल तरी दीड तास धरा, पुलाजवळ ट्रक अडकला तर देव मालक. देशातल्या फ्लाइटला दोन तास आधी पोहोचायचं, परदेशाच्या तीन तास. जळगावचं विमानतळ लहान आहे, गर्दी नसते, लोक म्हणतात तासाभराने काय होतंय, पण काउंटर बहुतेक निघायच्या तासभर आधी बंद होतं, तेव्हा दोनच धरा. तिकिटावरचे एक तास पस्तीस. उतरून बॅग हातात यायला अर्धा तास. शमशाबादहून मुलाच्या गच्चीबावलीच्या घरी आउटर रिंग रोडने पाऊण तास. बेरीज सहा तास वीस मिनिटं. त्यातले हवेत फार तर सव्वा तास.

नाना जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले ट्रॅव्हल्सने रात्रभर जातं, विमानाने अर्धा दिवस. बरोबर पकडलं त्यांनी. म्हणून मी गिऱ्हाइकाला नेहमी आधी हे करून दाखवतो, मग तिकीट काढतो. मुंबईचं बघा. एरंडोलचा माणूस अंधेरीला जाणार, घर ते विमानतळ एक तास, आधीचे दोन, उड्डाण सव्वा, बॅग अर्धा, टॅक्सी अर्धा-पाऊण, साडेपाच तास. जळगावहून रेल्वेने दादर साडेसहा-सात, अधिक घर ते स्टेशन, अधिक लोकल, साडेआठ-नऊ. वाचले तीन-साडेतीन. पण रात्रीच्या गाडीत तुम्ही झोपता, विमानात जागे असता, आणि भाडं कितीपट ते तुम्हीच बघा. माझं मत विचाराल तर मुंबईला रात्रीची रेल्वे, हैदराबाद आणि गोव्याला विमान.

आणि जळगाव हेच आपलं विमानतळ असं धरून बसू नका. नंदुरबार-नवापूरवाल्यांना सुरत बरं, रेल्वे सरळ जाते. धुळेकरांना ओझर, आग्रा हायवेने थेट, नाशिकच्या आधीच लागतं. चाळीसगाववाल्यांना संभाजीनगर जवळ दिसतं पण मधे कन्नडचा घाट आहे, पावसाळ्यात वेळ जास्त धरा. शिरपूर-सेंधव्याकडच्यांनी इंदूर बघावं. धुळ्याला गोंदूरला धावपट्टी आहे पण तिथे पायलट शिकतात, तुम्हाला-मला तिकीट नाही मिळत. प्रत्येक पर्यायाला घर ते दार असा पूर्ण कागद करा, नुसतं उड्डाण बघू नका.

कनेक्टिंग असेल तर एकच. दोन वेगवेगळी तिकिटं काढून मुंबईत बदलणार असाल तर मधे चार तास तरी ठेवा, परदेशाचं असेल तर त्याहून जास्त. टर्मिनल एक आणि दोन वेगळ्या जागी आहेत, बाहेर पडून रस्त्याने जायचं. एका पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, दोन्ही असली तर पहिलं लेट झाल्यावर पुढची सोय कंपनीच्या गळ्यात, वेगळी असली तर तुमच्या. माझ्या चुलतभावाचं पहिलं विमान दोन तास लेट झालं, त्याने मधे ठेवले होते अडीच, पुढचं तिकीट पाण्यात गेलं. कंपनीचं नाव घेण्यात अर्थ नाही, हिशोब आमचाच कच्चा होता.

नानांचं तिकीट शेवटी काढलं, सकाळचं. जाताना त्यांनी तो पीकविम्याच्या पावतीमागचा हिशोब माझ्याकडून मागून घेतला, घडी करून खिशात. आठ-दहा दिवसांनी परत आले, नातवाचे फोटो दाखवले, आणि तीच पावती काढून टेबलावर ठेवली. माझ्या आकड्यांसमोर पेन्सिलने त्यांचे आकडे, घड्याळ बघून लिहिलेले. रस्ता, एक तास वीस. विमान, एक तास एकतीस. बॅग, बावीस मिनिटं. गच्चीबावली, पन्नास. सगळं जवळजवळ जुळत होतं, फक्त मधे एक ओळ होती जी मी धरलीच नव्हती. हातातल्या पिशवीत तेलातलं कैरीचं लोणचं होतं, सिक्युरिटीला निघालं, परत काउंटरला जाऊन मोठ्या बॅगेत टाकायला लागलं. त्यासमोर लिहिलेलं, "लोणचं, अठरा मिनिटं."